साडेनऊ कशाचे?

उभा राहा. वही मिट. बाकीच्यांनी खिडकीबाहेर पाहायचं कारण नाही; आज याची पाळी आली म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. गठ्ठ्यातले बहुतेक रिव्ह्यू याच्याच पंगतीला बसणारे आहेत. याने फक्त नारळ फोडला.

काय सांगितलं होतं? कन्सोलवरचा नाहीतर हातात धरून खेळायच्या मशीनवरचा एक गेम घ्या आणि त्याच्यावर आपलं मत लिहा. तू 'राजी : ॲन एन्शंट एपिक' घेतलास. निवड चांगली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा चमूने केलेला गेम, ऑगस्ट 2020 मध्ये आधी निंटेंडो स्विचवर आला. आणि त्यावर तू लिहिलंस काय? 'ग्राफिक्स अप्रतिम. संगीत श्रवणीय. कथा खिळवून ठेवणारी. आपल्या मातीतला हा गेम प्रत्येकाने खेळायलाच हवा. 10 पैकी 9.5.' खाली सही, सहीखाली दोन रेघा.

तो अर्धा गुण कशाचा कापलास, सांग. आठवत नाही? मग साडेनऊ तरी कशाचे दिलेस?

गुण देण्यात माझे केस पांढरे झालेत, तेव्हा हा आकडा कुठून येतो ते मला कळतं. अंतर्गत परीक्षेत वीसपैकी सगळ्यांना सतरा-अठरा वाटतात ना, तिथूनच तो येतो. मुलं खूश, पालक खूश, प्राचार्य खूश, आणि कोणाला काय येतं ते कोणालाच ठाऊक नाही. गेमच्या रिव्ह्यूंची सगळी दुनिया त्याच खुर्चीत जाऊन बसली आहे. पट्टी दहाची, वापर सात ते दहाचा. आपल्याकडे दहावीला पस्तीस मिळाले तरी पास. गेमला सत्तर मिळाले की लोक म्हणतात, पडला. मेटाक्रिटिक नावाची साइट जगभरचे रिव्ह्यू गोळा करून त्यांची सरासरी काढते, हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुमच्यापैकी निम्म्यांनी तिथलाच आकडा उतरवलाय. तिथे चित्रपटाला हिरवा रंग 61 पासून मिळतो आणि गेमला 75 पासून. म्हणजे 70 गुणांचा चित्रपट हिरवा आणि 70 गुणांचा गेम पिवळा, एकाच साइटवर! कारण गेमवर लिहिणारे मुळातच सढळ हाताने गुण देतात. मग रंगांच्या सीमाही वर न्याव्या लागल्या. ब्रिटनमध्ये 1991 ते 1996 'अमिगा पॉवर' नावाचं मासिक निघत होतं. घरच्या संगणकावरच्या गेमचं, म्हणजे आपल्या विषयाच्या जरासं कडेचं. त्यांचा हट्ट एकच: पट्टी शंभराची आहे ना, मग शंभरही वापरू, पन्नास म्हणजे मध्यम. प्रकाशकांच्या कपाळावर आठ्या पडायच्या, पडू देत. गुण देणाऱ्याला कणा लागतो तो एवढाच.

जपानचं 'फॅमित्सू' बघ. 1986 पासून निघणारं पाक्षिक, पुढे साप्ताहिक झालं. तिथे एका गेमला चार जण स्वतंत्रपणे दहापैकी गुण देतात, बेरीज चाळिसाची. पहिली बारा वर्षं एकाही गेमला पैकीच्या पैकी मिळाले नाहीत. 1998 साली 'द लीजंड ऑफ झेल्डा : ओकॅरिना ऑफ टाइम'ला पहिले चाळीस मिळाले, तेव्हा ती बातमी झाली. आणि त्यानंतरच्या बारा वर्षांत? डझनाहून जास्त गेमना चाळीसपैकी चाळीस, एकट्या 2008 मध्ये तिघांना. गेम चांगले झाले असतील, नाही कोण म्हणतं? पण एवढे? मला त्या पद्धतीतलं जे खरोखर आवडतं ते वेगळंच आहे. चार माणसांची चार मतं शेजारी शेजारी छापलेली दिसतात. एकाने नऊ दिले, दुसऱ्याने सहा दिले, की वाचणारा थबकतो आणि दोघांचे दोन ओळींचे अभिप्राय वाचतो. मग खाली बेरीज येते आणि ते भांडण पुसून टाकते.

सरासरी काय करते ते एका उदाहरणावरून समजून घे, कारण तू रिव्ह्यूमध्ये 'समीक्षकांचं सरासरी मत' असा शब्दप्रयोग मोठ्या ऐटीत वापरलायस. 2010 मध्ये एक्सबॉक्स 360 वर 'डेडली प्रेमोनिशन' नावाचा जपानी गेम आला. अमेरिकेतल्या खेड्यात खून, तपासाला आलेला विक्षिप्त एफबीआय अधिकारी, गाडी चालवताना स्वतःशीच जुन्या सिनेमांवर गप्पा. चालण्या-वळण्याची बोंब, चित्रं दहा वर्षं शिळी वाटावीत अशी, बंदूक चालवणं म्हणजे शिक्षा. आयजीएन या साइटने दहापैकी दोन दिले. डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या साइटने दहापैकी दहा दिले. गिनीज रेकॉर्डवाल्यांनीही या मतभेदाची नोंद घेतली. आणि मेटाक्रिटिकवर सरासरी निघाली 68. आता हा 68 कोणाचं मत आहे? दोन देणाऱ्याचं नाही, दहा देणाऱ्याचं नाही. 68 वाचून माणसाला वाटणार, ठीकठाक गेम दिसतोय, बेताचा. अरे, जगात त्या गेमइतका बेताचा नसलेला गेम शोधून सापडणार नाही! तो एक तर फेकून द्यावासा वाटतो नाहीतर वर्षानुवर्षं डोक्यात राहतो. दोन्ही समीक्षकांनी आपापलं काम चोख केलं होतं. खोटं बोलला तो फक्त आकडा.

त्यातून ती सरासरीही साधी नाही. कुठल्या प्रकाशनाला जास्त वजन आणि कुठल्याला कमी, हे मेटाक्रिटिक ठरवतं आणि सांगत नाही. कोणी अक्षरात श्रेणी दिली तर तिचंही शंभरात रूपांतर करतात. बी वजा म्हणजे 67. लिहिणाऱ्याच्या मनात 'बरा आहे, घ्यायला हरकत नाही' होतं, यादीत त्याचं 'पिवळा' झालं.

हसू नका. या आकड्यांवर माणसांचे पैसे ठरतात. 2010 सालचा 'फॉलआउट : न्यू वेगास'. केला ऑब्सिडियनने, बाजारात आणला बेथेस्डाने. 2012 मध्ये ऑब्सिडियनच्या ख्रिस ॲव्हेलोन यांनी जाहीर सांगितलं की कामाचा ठरलेला मोबदला मिळाला, विक्रीत वाटा नव्हता, फक्त मेटाक्रिटिकवर 85 गाठले तर बोनस मिळणार होता. गेम थांबला 84 वर. एका गुणाने बोनस गेला. सुरुवातीला त्या गेममध्ये चुका ढिगाने होत्या, गाडी अडायची, बंद पडायची. समीक्षकांनी गुण कापले ते उगीच कापले नाहीत. पण 84 आणि 85 यांत फरक काय, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं. आजही त्या गेमबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. तुझ्या त्या अर्ध्या गुणाबद्दल मी इतकी का चिडले ते आता लक्षात येतंय का?

आणि गुण देणाऱ्याचं काय होतं तेही ऐक. जेफ गर्स्टमन हे गेमस्पॉट या साइटचे समीक्षक. 2006 मध्ये त्यांनी निंटेंडो वीवरच्या झेल्डाला, 'ट्वायलाइट प्रिन्सेस'ला, 8.8 दिले. दहापैकी आठ पूर्णांक आठ! तर चाहते त्यांच्यावर तुटून पडले, नऊ का नाहीत म्हणून. पुढच्याच वर्षी त्यांनी 'केन अँड लिंच'ला 6 दिले. त्या वेळी गेमस्पॉटची पानं त्याच गेमच्या जाहिरातींनी रंगलेली होती. नोव्हेंबर 2007 मध्ये गर्स्टमन यांची नोकरी गेली. कमी गुणांमुळे जाहिराती काढून घेण्याच्या धमक्या येत होत्या आणि वरचे लोक त्यापुढे झुकले, हे त्यांनी 2012 मध्ये उघडपणे सांगितलं. एका बाजूने चाहते, दुसऱ्या बाजूने जाहिरातदार, आणि मधे एक माणूस, ज्याचा गुन्हा काय तर पट्टीवरच्या सहा या आकड्याला हात लावला. तुला तर कोणी धमकी दिली नव्हती. तुझ्यावर कोणाच्या जाहिरातीचं ओझं नव्हतं. तू फुकटच वाकलास.

आता खरा प्रश्न. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. गेम कशावर खेळलास?

वाटलंच मला. यूट्यूबवर दुसऱ्याला खेळताना पाहिलास. म्हणजे 'कंट्रोल्स सुलभ आहेत' हे वाक्य तू डोळ्यांनी लिहिलंस. बोटांना विचारलं होतंस का?

कुठल्या मशीनवर खेळलो, हे रिव्ह्यूच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत आलं पाहिजे. सोपस्कार म्हणून सांगत नाहीये मी. 10 डिसेंबर 2020 ला 'सायबरपंक 2077' बाजारात आला. आधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत दिली गेली. आणि रिव्ह्यूत दाखवायला कंपनीचंच चित्रीकरण वापरायचं, अशी अट घातली गेली. पीसीवर सरासरी 86 राहिली. मग लोकांनी आपापल्या प्लेस्टेशन 4 वर लावला तर गेम धडपडतोय, माणसं गायब होतायत, गाड्या रस्त्यात रुततायत. प्लेस्टेशन 4 वरचा आकडा आला 57. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातूनच काढला, तो जून 2021 मध्ये परत आला. ज्याने नऊ गुण वाचून प्लेस्टेशनसाठी पैसे भरले, त्याला त्या नऊ गुणांचा काय उपयोग होता? ते नऊ दुसऱ्याच मशीनचे होते.

हँडहेल्डचं तर आणखी वेगळं. तुम्ही सगळ्यांनी एकच साचा वापरलाय: ग्राफिक्स इतके, आवाज इतका, कथा इतकी, भागिले तीन. हा साचा तुमचा नाही, अमेरिकन साइटींचा जुना उतारा आहे, आणि त्यांनीही तो कधी मनापासून पाळला नाही. आयजीएन असे वेगवेगळे गुण द्यायचं आणि शेवटच्या आकड्याशेजारी लिहायचं की ही सरासरी नव्हे. मग भागाकार करायला तुम्हाला सांगितलं कोणी? 1989 चा गेम बॉय घ्या. पडदा हिरवट, छटा चार, आत दिवा नाही, संध्याकाळ झाली की खिडकीशी जाऊन बसायचं. पुढच्या वर्षी सेगाने गेम गिअर आणला. रंगीत, उजेड असलेला, देखणा. साच्याने गुण दिले तर गेम बॉय चारी मुंड्या चीत. पण गेम बॉय चार सेलवर कितीतरी तास चालायचा आणि गेम गिअर सहा सेल काही तासांत गिळायचा. प्रवासात कोण उपयोगी पडलं, हे खपावरून कळतं: गेम बॉय आणि त्याचा रंगीत धाकटा भाऊ मिळून 11 कोटींच्या वर गेले, गेम गिअर एका कोटीच्या आसपास राहिला. बॅटरी किती टिकते, मधेच बंद करून खिशात टाकता येतो का, उन्हात दिसतो का, पाच मिनिटांत काही हाती लागतं का. यांतला एक तरी प्रश्न कोणाच्या कागदावर आहे? एकाच्याही नाही.

आणि पोकेमॉनवर विनोद करणारे ते दोघे. होय, तुम्हीच. 2014 मध्ये निंटेंडो 3डीएसवर 'ओमेगा रुबी' आणि 'अल्फा सफायर' आले. आयजीएनने 7.8 दिले आणि उण्या बाजूंत एक ओळ टाकली, की पाणी फार आहे. त्या ओळीवर जग अजून हसतंय आणि तुम्हीही अर्धं पान हसलात. पण तुम्ही तो गेम खेळला असेल तर आठवा. उत्तरार्धात समुद्रच समुद्र, त्याच त्याच प्राण्यांशी पुन्हा पुन्हा गाठ, आणि पाण्यावरून जाण्यासाठी संघात ठरावीक चाली अडकवून ठेवायच्या. तक्रार रास्त होती! चूक झाली ती तीन शब्दांत कोंबण्याची. पूर्ण वाक्यात मांडलेलं मत कोणाला उचलून चिडवता येत नाही. बेरीज-वजाबाकीच्या यादीत टाकलेलं मत लगेच चिडवण्याजोगं होतं. तुम्ही समीक्षा शिकायला बसलात आणि त्या समीक्षिकेची चेष्टा करताना तिने लिहिलेला मजकूर वाचलाच नाहीत.

पहिल्या बाकावर समाधानाने बसलेल्या बाईसाहेब, तुमच्याकडेही येते. तुम्ही गुण दिले नाहीत आणि खाली टीप लिहिलीत की 'कलाकृतीला आकड्यात मोजता येत नाही'. वा! युरोगेमर या साइटनेही फेब्रुवारी 2015 मध्ये आकडे सोडले आणि 'शिफारस', 'टाळा' असे शिक्के आणले. 2023 मध्ये पाच तारे घेऊन परत आले. वाचणाऱ्याला शेवटी पैसे खर्च करायचे की नाहीत ते ठरवायचं असतं. त्याचा तो हक्क आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. आकडा देऊ नका, माझी हरकत नाही. पण मग मजकुरातून तुमचं मत लख्ख दिसलं पाहिजे. तुमच्या दोन पानांवरून तुम्हाला तो गेम आवडला की नाही तेच कळत नाही. तत्त्वाच्या पदराआड लपण्याचा प्रकार आहे हा.

ज्याने 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2'ला शून्य दिलंय, त्याच्याशी मी तीनच वाक्यं बोलणार आहे. तो गेम 19 जून 2020 ला आला, संपवायला वीस-पंचवीस तास लागतात, आणि पहिल्या काही तासांतच मेटाक्रिटिकवर शून्यांचा पाऊस पडला. शेवटी त्यांना नियम करावा लागला की गेम आल्यावर 36 तास वाचकांना गुण देता येणार नाहीत. तुझा राग कथेवर आहे की ती कथा करणाऱ्यांवर, ते आधी ठरव आणि मग ये.

आता परत 'राजी'. तू बसू नकोस, अजून संपलं नाही.

हा गेम आपल्या गावचा आहे म्हणून तू त्याला साडेनऊ दिलेस. त्यांचा याहून मोठा अपमान तुला करता आला नसता. 2017 मध्ये त्यांनी इंटरनेटवर लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो फसला, तरी गेम पुरा केला. 2020 च्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गेममध्ये त्यांचं नामांकन होतं. अशा माणसांना पाठीवरची थाप नको असते. त्यांना हवा असतो नीट खेळलेला एक माणूस.

तू नीट खेळला असतास तर काय दिसलं असतं? कॅमेरा लांबून, वरून, ठरलेल्या जागेवरून बघतो. मोठ्या टीव्हीवर त्यामुळे महालांचा, कड्यांचा आवाका दिसतो आणि छाती दडपते. तोच गेम स्विच हातात धरून 6.2 इंचांच्या पडद्यावर खेळ, म्हणजे नायिका राजी पेराएवढी होते आणि राक्षसांच्या गर्दीत आपली पोरगी कुठली ते शोधत बसावं लागतं. एकाच गेमची एकच खोड, एका ठिकाणी गुण आणि दुसऱ्या ठिकाणी दोष. याच्यावर एक परिच्छेद लिहिता आला असता! दुर्गा आणि विष्णू वरून बघत आपसात बोलतात, ती कल्पना मला फार आवडली. पण पहिल्या आवृत्तीत ते देव इंग्रजीत बोलत होते, हिंदी आवाज नंतर आला. 'आपल्या मातीतला' असं तू लिहितोस आणि हे तुझ्या कानाला खटकत नाही? कथा सांगताना मधे कठपुतळ्यांच्या सावल्या येतात, त्या देखण्या आहेत. त्रिशूळ घेऊन भिंतीवर चढून उडी घेण्यात मजा आहे. तेच तेच शत्रू पुन्हा पुन्हा घेरतात तेव्हा ती मजा विरते. पाच-सहा तासांत गेम संपतो, आणि संपतो म्हणण्यापेक्षा तुटतो. मला तरी फसवल्यासारखं वाटलं. हो, मी खेळते. भुवया खाली घ्या.

यातलं प्रत्येक वाक्य तुला खोडून काढता येईल. तुला कॅमेरा आवडला असेल, शेवट पटला असेल. मग तसं लिही, माझ्याशी भांड. साडेनऊशी कोणाला भांडता येत नाही, कारण त्यात धरायला काही नाही.

गुरुवारी नवा रिव्ह्यू हवा. स्विच नसेल तर ज्या मशीनवर हात बसलाय त्यावरचा गेम घे, जुना असला तरी चालेल. मशीनचं नाव, किती खेळलास, कुठे थांबलास आणि का, हे आधी. 'अप्रतिम' आणि 'श्रवणीय' हे दोन शब्द या वर्गात वर्षभर बंद.

आणि गठ्ठ्याच्या तळाशी एक कागद आहे, नाव न घातलेला. थोरल्या भावाच्या जुन्या पीएसपीवर 'मॉन्स्टर हंटर' खेळलेला कोणीतरी लिहितो की एकट्याने तो जनावर मारण्याचा कंटाळवाणा हिशेब वाटला, आणि चौघं एका खोलीत आपापली मशीनं घेऊन बसलो तेव्हा रात्र कशी गेली कळलं नाही, म्हणून मी दोन वेगळे गुण देतो. कोणाचा आहे हा? हात वर कर, घाबरू नकोस. ऱ्हस्व-दीर्घाची पार वाट लावली आहेस, ते आधी बघू. मग हा कागद फळ्याजवळ उभा राहून सगळ्यांना वाचून दाखव.